ग्रीन्स हॉटेलचें छायाचित्र : एक पाठचिकित्सा

मुंबईस अपोलो बंदरावर, ज्यास आपलीं जुनीं माणसें पालव बंदर म्हणत, ताजमहाल हॉटेलच्या उत्तरेस लागून ग्रीन्स हॉटेल या नांवाची एक भव्य इमारत होती. ती आज नाहीं. तिच्या जागीं ताजचीच मनोऱ्यासारखी उंच इमारत उभी असून ती १९७३ सालीं खुली झाली. ग्रीन्सची इमारत गेली, परंतु तिचीं छायाचित्रें आणि चित्रकार्डें मात्र संग्राहकांच्या हातीं अद्याप फिरत आहेत, आणि जुन्या मुंबईवरील लेखांत तीं पुनःपुन्हां छापलीं जातात. प्रस्तुत लेखाचा विषय हें छायाचित्र होय. हॉटेलचा साद्यंत इतिहास नव्हे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पाडलेल्या इमारतीचें छायाचित्र हस्तलिखित पोथीप्रमाणेंच वाचावें लागतें. तें नुसतें पाहून भागत नाहीं. ही वाचण्याची रीत आपल्या मंडळींत अजून रुळलेली नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

एखादा मोडी कागद पुढें आला म्हणजे आपण काय करतों ? कागदाची जात पाहतों, शाईचा रंग पाहतों, अक्षराचें वळण ताडून पाहतों, शिक्का अस्सल कीं नक्कल याची शहानिशा करतों, शक व तिथि यांचा मेळ बसतो कीं नाहीं याचें गणित मांडतों. इतकें झाल्यावरच तो कागद पुराव्यांत घेतों. परंतु छायाचित्र पुढें आलें कीं हा सारा विवेक क्षणांत मावळतो. चित्राखालीं जें लिहिलें असेल तें खरें, आणि चित्रांत जें दिसतें तें तर प्रत्यक्षच, असें धरून आपण पुढें जातों. याचें कारण उघड आहे. कागद मनुष्य लिहितो व मनुष्य लबाडी करूं शकतो. छायाचित्र प्रकाशानें उमटतें, आणि प्रकाशास पक्षपात ठाऊक नाहीं, अशी समजूत आपल्या मनांत खोल रुजली आहे.

या समजुतींत अर्धें सत्य आहे. काचेवर प्रकाश पडला तेव्हां ती इमारत तेथें होती, एवढें खरें. पण प्रत्यक्ष झालें असेल तर तें कॅमेऱ्यास, आपणांस नव्हे. आपल्या हातीं येतो तो त्या प्रत्यक्षाचा एक उतारा, आणि बहुधा उताऱ्याचा उतारा. त्यावरून आपण जें काढतों तें अनुमान होय; आणि त्याखालचा मजकूर हा शब्द होय. शब्द प्रमाण व्हावयाचा तर तो आप्ताचा पाहिजे. चित्रकार्डें विकणारा व्यापारी आप्त कीं अनाप्त, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

उभ्या इमारतीच्या बाबतींत या हयगयीनें फारसें नुकसान होत नाहीं. मुंबईचेंच दुसरें उदाहरण घ्या. वॉटसनचें एस्प्लनेड हॉटेल १८६७ ते १८६९ या काळांत, इंग्लंडांत घडविलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभें राहिलें. याच हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. पुढें हॉटेल बंद पडलें, इमारतीचें नांव बदललें, तिची दुर्दशा झाली आणि २०१९ सालीं ती रिकामी करण्यांत आली. तथापि हॉटेल बंद पडल्यावरहि इमारत दीर्घकाळ उभी राहिल्यामुळें, जुन्या छायाचित्रांतील खांब, मजले व सज्जे मोजून पाहण्यास ती स्वतः साक्षीस होती. चित्र खोटें बोललें तर इमारत त्याचें तोंड धरूं शकत होती. ग्रीन्सच्या चित्रास असा प्रतिवादी उरलेला नाहीं. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा कोणी नाहीं, त्याची साक्ष न्यायाधीशानें अधिक कसोशीनें पारखावी, हेंच न्यायाचें तत्त्व. तेंच येथें लागू पडतें.

आतां प्रथम चित्राखालील मजकुराचा विचार करूं. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते. तींत ग्रंथाचें नांव, लेखकाचें नांव व काळ दिलेला असतो. पुष्पिका मूळ ग्रंथकाराची नसून नकलनविसाची असूं शकते, आणि कधीं कधीं तर पूर्वीच्या प्रतींतील शक नवा नकलनवीस जसाच्या तसा उतरून घेतो, हें पोथ्या हाताळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. छायाचित्राखालचा मजकूर ही अशीच पुष्पिका होय. ती छायाचित्रकाराची असेल, छापखान्याची असेल, विक्रेत्याची असेल किंवा कोण्या संग्राहकानें पन्नास वर्षांनीं शाईनें लिहिलेली असेल. ती ज्या हातची आहे त्या हाताइतकीच तिची किंमत. म्हणून चित्राचा काळ ठरवितांना मजकूर शेवटीं पाहावा. चित्राच्या पोटांत काय आहे तें आधीं पाहावें.

ग्रीन्सच्या चित्राच्या सुदैवानें त्याचे शेजारी काळाच्या दृष्टीनें चांगले पक्के आहेत. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं खुलें झालें. तेव्हां ज्या चित्रांत ग्रीन्सशेजारीं ताज पूर्ण घुमटासह व वापरांत असलेलें दिसतें, त्यावर १९०० साल घातलेलें असल्यास तें साल टिकत नाहीं. हिंदद्वाराच्या, म्हणजेच गेटवे ऑफ इंडियाच्या, कोनशिलेचा समारंभ ३१ मार्च १९१३ रोजीं झाला. १९१५ ते १९१९ या काळांत भराव घालून नवी समुद्रभिंत बांधण्याचें काम चाललें. आणि ४ डिसेंबर १९२४ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांच्या हस्तें द्वाराचें उद्घाटन झालें. म्हणून ग्रीन्स व पूर्ण कमान ज्या चित्रांत एकत्र आहेत, तें या शेवटच्या काळाच्या अलीकडचें. द्वारासमोरील श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९६१ सालचा; तो पुतळा आणि ग्रीन्स एका चित्रांत सांपडलीं तर तें चित्र १९६१ नंतरचें, आणि मनोरा उभा राहण्याच्या आधींचें, असें निःशंक म्हणतां येतें. १९०३, १९२४, १९६१ व १९७३ अशा या चार खुंट्या होत. कोणतेंहि चित्र प्रथम या खुंट्यांस बांधून पाहावें.

येथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. कारण ती चित्रांत जें आहे त्यावरून चालते. चित्रांत जें नाहीं त्यावरून निर्णय करूं लागलें कीं घोटाळा सुरू होतो, आणि बहुतेक चुकीचे काळ याच वाटेनें शिरतात. "चित्रांत गेटवे दिसत नाहीं, सबब चित्र १९२४ पूर्वीचें," हा युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. आपल्या शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. भाट्ट मीमांसक व वेदान्ती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात; नैयायिक तसें मानीत नाहींत. पण एका गोष्टीविषयीं उभयपक्षीं एकमत आहे : नुसतें न दिसणें पुरेसें नाहीं, तर ती वस्तु तेथें असती तर दिसलीच असती अशी योग्यता पाहिजे. उजेडांत जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं, हें खरें. काळोखांत घट दिसत नाहीं म्हणून तो नाहीं, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. यासच योग्यानुपलब्धि म्हणतात.

हा नियम आपल्या चित्रास लावून पाहा. कॅमेरा द्वाराच्या पायथ्याशींच उभा करून ग्रीन्स व ताज यांजकडे रोखला असेल, तर कमान त्याच्या पाठीशीं राहील, आणि चित्र १९४० चें असलें तरी तींत ती दिसणार नाहीं. नावेंतून ताजच्या समोर येऊन अरुंद चौकट धरली असेल तरी तीच गत. म्हणून आधीं कॅमेरा कोठें होता तें ठरवावें. तेथून द्वार चौकटींत यावयास हवें होतें कीं नाहीं तें पाहावें. आणि मगच त्याच्या अभावावरून काळ सांगावा. हा क्रम सोडून दिलेलें साल हें अनुमान नव्हे, अंदाज होय.

रस्त्याच्या ओसाडपणाविषयींहि असेंच आहे. जुन्या चित्रांत रस्ता रिकामा पाहून "त्या काळीं बंदरावर वर्दळ नव्हती" असें लिहिण्याचा मोह होतो. वस्तुतः जुन्या काचांस प्रकाश पुष्कळ वेळ द्यावा लागे, आणि तेवढ्या वेळांत चालतीं माणसें व धांवत्या गाड्या यांचा ठसा उमटत नसे. दागेर यानें १८३८ सालीं पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें, तींत सारी वर्दळ नाहींशी होऊन, जोडे पुसून घेण्यासाठीं स्थिर उभा राहिलेला एक इसम तेवढा स्पष्ट उमटला. पुढें शीघ्र काचा प्रचारांत आल्यावर हा दोष कमी झाला; तथापि कोणत्या प्रकारच्या काचेवर चित्र घेतलें तें न पाहतां निर्जनतेचा निष्कर्ष काढणें व्यर्थ होय. आकाशाचीहि तीच कथा. जुन्या काचा निळ्या रंगास फाजील संवेदनशील असल्यामुळें आकाश कोरें पांढरें येई, आणि छायाचित्रकार पुष्कळदां त्यावर दुसऱ्या काचेवरचे ढग बसवीत. त्या ढगांवरून पावसाळा ठरविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

यानंतर पाठभेदाचा प्रश्न. पोथींत अक्षरें उलटीं होत नाहींत, पण छायाचित्रांत सबंध पृष्ठ उलटें होऊं शकतें. निगेटिव्हची काच उपडी पडली कीं डावें उजवें होतें. ग्रीन्सच्या बाबतींत याची कसोटी सोपी आहे. समुद्राकडून शहराकडे पाहिलें असतां ताज डाव्या हातास व ग्रीन्स उजव्या हातास यावयास पाहिजे. समुद्राकडून घेतलेल्या चित्रांत ग्रीन्स डावीकडे आलें असेल, तर काच उलटी पडली असें समजावें, आणि मग त्या चित्रावरून दरवाजा कोणत्या अंगास होता, सज्जा कोणत्या कोपऱ्यास होता, असलीं विधानें करूं नयेत. पाटीवरचीं अक्षरें भिंगानें वाचावीं. तीं उलटीं असलीं तर दुसरा पुरावा नको. पण लक्षांत ठेवावें कीं, छापखान्यांत अशीं अक्षरें खोडून पुन्हां सुलटीं रंगविणेंहि शक्य असतें.

रंगीत चित्रकार्डांविषयीं तर फारच जपून राहावें. पहिल्या महायुद्धापूर्वीं पुष्कळ कार्डें जर्मनींत छापून येत. ज्या कारागिरांनीं मुंबई कधीं पाहिली नव्हती, त्यांनीं काळ्यापांढऱ्या चित्रावर भिंतीस, छपरास व समुद्रास रंग दिले. सबब ग्रीन्सच्या भिंती अमुक रंगाच्या होत्या असें अशा कार्डावरून सांगणें, म्हणजे टीकाकाराचे शब्द मूळ सूत्रांत घालण्यासारखें आहे.

यास उपाय एकच, आणि तो आपल्याच घरचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९२५ पासून तिला शास्त्रशुद्ध वळण दिलें, आणि १९६६ सालीं तें कार्य पुरें झालें. तेथें एका पोथीवर विसंबून पाठ ठरविला नाहीं. पोथ्यांचीं कुळें लावलीं, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली तें पाहिलें, आणि एका कुळांतील दहा पोथ्यांची साक्ष दहा साक्षी म्हणून मोजली नाहीं. ग्रीन्सच्या चित्रांनाहि कुळें आहेत. एका काचेवरून मूळ छाप निघाला, त्यावरून कार्ड निघालें, कार्डावरून पुस्तकांतील ठसा निघाला, त्या ठशावरून वृत्तपत्रांतील चित्र निघालें. अशीं दहा चित्रें एकच गोष्ट सांगतात, तेव्हां साक्षीदार एकच असतो. दोन चित्रांतील सांवल्या, पडदे व गाड्या यांची जागा तंतोतंत जुळली, तर तीं एकाच काचेचीं लेंकरें समजावीं.

चित्रकार्डाची मागील बाजू ही तर दुर्लक्षित खाणच होय. ब्रिटिश टपालखात्यानें १९०२ सालीं कार्डाच्या पाठीचे दोन भाग करून एका भागांत मजकूर लिहिण्यास परवानगी दिली, आणि ती रीत पुढें इकडेहि आली. त्यापूर्वींच्या कार्डांत पाठीवर केवळ पत्ता लिहीत. सातव्या एडवर्डचें तिकीट १९०२ पासूनचें, पांचव्या जॉर्जचें १९११ पासूनचें, सहाव्या जॉर्जचें १९३७ पासूनचें. परंतु तिकीट व टपालाचा शिक्का यांवरून कार्ड केव्हां धाडलें तें कळतें, चित्र केव्हां घेतलें तें कळत नाहीं. त्या तारखेच्या अलीकडचें तें चित्र नाहीं, इतकेंच सिद्ध होतें. विक्रेते एकच चित्र वर्षानुवर्षें खपवीत. अल्बमांत चिकटविण्याच्या नादांत ज्यांनीं हीं कार्डें पाठीकडून नष्ट केलीं, त्यांनीं ग्रंथाची पुष्पिका फाडून ग्रंथ जपला असें म्हणावें लागतें.

एकाकी साक्षीवर किती भार घालावा याविषयीं आमच्याच भागांतील एक उदाहरण देतों. आम्ही ज्या केनवड गांवीं राहतों, तें वाशीम जिल्ह्यांत आहे. आणि वाशीम म्हणजेच वाकाटकांचें वत्सगुल्म. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापासून पुढें मोठमोठ्या पंडितांनीं वाचला. तथापि लेख खराब झालेला, व ताडून पाहण्यास दुसरें साधन नाहीं, यामुळें सर्वसेन हें राजनाम त्यांस नीट लागलें नाहीं. १९३९ सालीं वाशीमचा ताम्रपट उजेडांत आला, तेव्हां सर्वसेनाचें नांव व वत्सगुल्माची स्वतंत्र शाखा हीं दोन्हीं निश्चित झालीं, आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांस अजिंठ्याचा पाठ दुरुस्त करतां आला. शिळा खोटें बोलत नव्हती. दुसरी साक्ष येईपर्यंत ती पुरतें बोलूं शकत नव्हती. छायाचित्राचेंहि असेंच आहे. नकाशे, पालिकेचीं कागदपत्रें, जाहिराती व पत्रें यांची जोड मिळाल्याविना तें मुकें राहतें, आणि मुक्याच्या वतीनें बोलणारे पुष्कळ निघतात.

असे बोलणारे कसे निघतात याचा मासला याच बंदरावर आहे. समुद्राकडून घेतलेलें ग्रीन्स व ताज यांचें चित्र दाखवून अशी कथा सांगतात कीं, ताजची इमारत चुकून उलटी बांधली गेली, तोंड शहराकडे गेलें, आणि कोण्या युरोपीय स्थापत्यकारानें तें पाहून प्राण दिला. ताजचें मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूस होतें हें खरें. पण समुद्राचा वारा व देखावा खोल्यांस मिळावा आणि गाड्यांची ये-जा मागल्या अंगानें व्हावी, ही योजना बुद्धिपुरःसर असूं शकते, आणि इमारतीची आखणी तेंच सुचविते. चित्रांत इमारतीचें अंग दिसतें; आंखणाऱ्याचें तात्पर्य दिसत नाहीं. अधिक खेदाची गोष्ट ही कीं, या कथेमुळें खऱ्या स्थापत्यकारांचीं नांवें लोपलीं. ताजच्या आराखड्याचे कर्ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा हे होत. वैद्य हे काम पुरें होण्यापूर्वींच निवर्तले, आणि शेवट डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनीं केला. एका निराधार पुष्पिकेनें एका महाराष्ट्रीय कर्त्याचें नांव पुसून तेथें काल्पनिक साहेब बसविला. छायाचित्राखालचा मजकूर ही क्षुल्लक बाब आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं याचा विचार करावा.

मग या चित्राची किंमत काय ? आमच्या मतें पुष्कळ. आज ताजचें जुनें मंदिर पाहणारास त्याच्या उत्तरेस गगनचुंबी मनोरा दिसतो, आणि त्यापुढें जुनी इमारत ठेंगणी भासते. ग्रीन्सचें चित्र पाहिलें म्हणजे उलट गोष्ट कळते : ताज उभें राहिलें तेव्हां तें शेजाऱ्याच्या डोक्यावरून वर गेलें होतें, आणि पालव बंदराच्या रेषेंत त्याचा घुमट हाच उंच होता. हें माप शब्दांत पकडणें कठीण. चित्र तें एका दृष्टीक्षेपांत देतें. मुंबईच्या वारसा इमारतींचे नियम १९९५ सालीं लागू झाले. ग्रीन्स त्याच्या कितीतरी आधीं गेलें. पाडण्यापूर्वीं इमारतीची नोंद करावी असा दंडक तेव्हां नव्हता, म्हणून ज्या नोंदी सहजगत्या राहिल्या त्यांवरच आपलें काम चालावयाचें आहे. थोडका पुरावा आहे, म्हणून तो ढिला वापरावा असें नव्हे. थोडका आहे म्हणूनच तो काटेकोर वापरला पाहिजे.

सबब संग्राहक बंधूंस आमची विनंति अशी कीं, असें चित्र हातीं आल्यास त्याच्या कडा कापूं नयेत, तें पुठ्ठ्यावर चिकटवूं नये, आणि पाठीवर शाईनें कांहीं लिहूं नये. टांचण वेगळ्या कागदावर ठेवावें. लांबीरुंदी, कागदाचा प्रकार, मिळाल्याचें ठिकाण व मागील मजकूर यांची नोंद करावी. मंडळानेंहि त्रैमासिकांत चित्र छापतांना पुढील व मागील अशा दोन्ही बाजू छापाव्या; चित्र कापलें असल्यास तसें सांगावें; मूळचा मजकूर अवतरणचिन्हांत देऊन संपादकाचा निर्णय त्याखालीं निराळा द्यावा; आणि काळ देतांना एक साल ठोकून न देतां अलीकडची व पलीकडची मर्यादा द्यावी. "१९०३ नंतर, १९७३ पूर्वीं" हें उत्तर कोणास अपुरें वाटेल. पण तें खरें आहे, आणि पुढील संशोधकास तें आणखी आवळतां येतें. खोटें साल एकदां छापून गेलें कीं तें पुस्तकापुस्तकांतून उतरत जातें, आणि तें खोडून काढण्यास पिढ्या लागतात. ग्रीन्सच्या दगडाविटा परत येणार नाहींत. जें चित्र शिल्लक आहे त्याच्या तोंडीं आपले शब्द न घालणें, एवढें मात्र आपल्या हातीं आहे.

केनवड, जि. वाशीम.